बिनटाक्याच्या ऑपरेशनचा टाका

भोरच्या सरकारी दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. म्हणजे ऑपरेशन डॉक्टर करतात आणि बाकीचं सगळं मी करते. हत्यारं निर्जंतुक करायची, मांडायची, हातात द्यायची, परत मोजून घ्यायची, आणि डॉक्टर चिडले की ऐकून घ्यायचं. या नोकरीत माझा स्वभाव तुसडा झाला असं घरचे म्हणतात. माझ्या मते तो आधीपासूनच तसा होता, इथे त्याला वाव मिळाला.

कुटुंबनियोजनाची शिबिरं मी पुष्कळ पाहिली आहेत. भोरला, वेल्ह्याला, मधल्या लहान गावांत. चित्र सगळीकडे एकच असतं. बायका आत, आडव्या. नवरे बाहेर, चिंचेखाली, उभे. बायकोला टेम्पोतून उतरवून दिलं की नवऱ्याकडून कुटुंबाचं नियोजन पूर्ण झालेलं असतं. त्यांच्यातल्या एखाद्याला मी मुद्दाम विचारायचे, 'तुम्ही का नाही करून घेत? तुमचं बायकांपेक्षा सोपं असतं.' तो लगेच दुसरीकडे बघायचा. 'आमाला वझं उचलावं लागतं, सिस्टर,' म्हणायचा. मग संध्याकाळी बायको पोटाला हात लावून बाहेर आली की पिशवी तिच्या हातात द्यायचा आणि स्वतः पुढे चालायला लागायचा.

अशात आमच्याकडे एक तरुण सर्जन बदलून आले. ते पुरुष नसबंदीच्या नव्या पद्धतीचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. जुन्या पद्धतीत ब्लेडने काप घ्यायचे, नळी शोधायची, तोडून बांधायची आणि वरून टाके घालायचे. नव्या पद्धतीत ब्लेडच नाही. दोन चिमटे असतात. एकाच्या तोंडाला बारीक कडं असतं, तो कातडीवरूनच नळी धरून ठेवतो. दुसऱ्याची टोकं बाभळीच्या काट्यासारखी असतात. ती टोचून उघडली की डाळीएवढं भोक पडतं, त्यातूनच नळी बाहेर काढून काम उरकायचं. भोक आपलं आपण मिटतं, टाका लागत नाही.

सरकारकडून आलेला कड्याचा चिमटा मात्र सरांना पसंत नव्हता. कडं एकतर सैल पडायचं, नाहीतर इतकं आवळायचं की कातडी काळीनिळी व्हावी. त्यांनी पुण्याच्या एका हत्यारं बनवणाऱ्याकडून स्वतःच्या मापाचा चिमटा करून घ्यायला सुरुवात केली. तो आला की हे परत पाठवायचे. कडं आणखी बारीक हवं, मूठ आणखी वाकडी हवी. सराव करायला रबरी हातमोज्याच्या बोटात सलाईनची बारीक नळी सरकवायचे आणि ती वरून पकडत बसायचे. हे सगळं दुपारच्या सुट्टीत, माझ्या डब्याशेजारी. मी डबा औषधांच्या खोलीत नेऊन खायला लागले.

चिमटा शेवटी मनासारखा झाला. आता फक्त माणूस हवा होता. विंझरच्या शिबिरात एकाने करून घेतली आणि तो त्याच पायांनी चालत एसटीला गेला. पण त्याने ही गोष्ट सख्ख्या भावालाही सांगितली नाही, त्यामुळे प्रचार म्हणून त्याचा उपयोग शून्य होता. सर त्याची आठवण काढून हळहळायचे.

मला मात्र एकाच माणसाची घाई होती, आणि त्याचं कारण त्याची बायको.

हिर्डोशीच्या वर डोंगरात एक वस्ती आहे. गुरं, शेळ्या, जरा नाचणी, बस. तिथली ही बाई दुसऱ्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. पोरगा झाला, रडला, आणि हिचा श्वास अडकायला लागला. ओठ निळे पडले. रुग्णवाहिकेतून पुण्याला जाईपर्यंत माझं मनगट तिने धरलं होतं ते सोडलं नाही. तिथे कळलं की हृदयाची झडप जन्मापासून नीट नाही. ती वाचली. पण पुन्हा दिवस गेले तर वाचणार नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला आणि मला एकदमच सांगितलं.

तिचं स्वतःचं ऑपरेशन करणं धोक्याचं होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, त्यात तांबी बसवली तर अंगावरून इतकं गेलं की ती काढावी लागली. म्हणून नवऱ्याचं ऑपरेशन हाच सगळ्यांत सरळ रस्ता होता. दर महिन्याला ती गोळ्या न्यायला यायची आणि मी पहिल्यांदा विचारायचे, 'पाळी आली का?' बाकीची माणसं एकमेकांना 'बरं आहे ना' विचारतात, तसं आमचं ते होतं. ती 'आली' म्हणेपर्यंत मी गोळ्यांची पुडी हातातच धरून ठेवायचे. मी पेशंटमध्ये जीव गुंतवणारी बाई नाही. या एकीत गुंतला.

नवरा उंच, मुखदुर्बळ. मोठी पोरगी कडेवर घेऊन गेटपाशी उभा राहायचा. त्याला मी ऑपरेशनचं बोलले तेव्हा त्याने दुसरीकडे बघितलं नाही.

'करू की,' म्हणाला. 'कवा यायचं?'

मी सरांना सांगितलं. इथे खरं तर गोष्ट संपायची. पण सरांना वाटलं, एक माणूस तयार आहे तर सगळी वस्तीच का होऊ नये. त्यांनी वर जाऊन माहिती द्यायचं ठरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मी बोलले नाही, कारण ते कधी नव्हे ते खूश होते.

हिर्डोशीपर्यंत एसटी, पुढे चढण. वस्तीवर पोचलो तेव्हा गडीमाणसं अंगणात घोंगड्यांवर बसली होती, बायका दारांत. सरांनी पिशवीतून चिमटा काढला आणि उंच धरला.

'ब्लेड नाही,' ते म्हणाले. 'रक्त नाही. टाका नाही. फक्त हा चिमटा. वरून धरायचं, जरासं आत, झालं. माणूस उठून लगेच चालायला लागतो.'

आणि त्यांनी चिमटा मिटून दाखवला. टक् असा आवाज झाला. समोर बसलेल्या सगळ्या गड्यांनी पाय जवळ घेतले.

मग त्या नवऱ्याची आई, म्हातारी, दारातूनच म्हणाली, 'आन मंग औताला कवा जुपायचा?'

कुणी हसलं नाही. सर हसले, एकटेच. म्हातारी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. चहा झाला, माणसं एकेक करून उठली, आणि ज्याच्यासाठी आम्ही चढण चढलो होतो तो नवरा कधी उठून गेला ते मला कळलंही नाही. 'एकानेही शंका काढली नाही, सिस्टर,' सर मला म्हणाले.

त्याची बायको आम्हाला पोचवायला वळणापर्यंत आली. तिला त्याहून पुढे चालवत नव्हतं. दगडावर बसून दम घेतला आणि मला म्हणाली, 'सिस्टर, मागल्या बाजाराला जनावरांचं डाक्टर आलं व्हतं. गोऱ्हं खच्ची करायला. त्ये बी आसंच म्हनलं. बिलेड न्हाई, रगत न्हाई, टाका न्हाई. चिमटा लावला, सोडला. गोऱ्हं उठून चालाय लागलं.'

मग मला सगळं कळलं. गोऱ्ह्याचा बैल करायचा तर आता कापाकापी करत नाहीत. मोठा चिमटा कातडीवरूनच दाबतात, आतल्या शिरा चेंगरतात, वर खूणही राहत नाही. पुढे तो गोऱ्हा गरीब होतो, अंगाने भरतो आणि औताला चालतो. हे त्या वस्तीवर कुणाला सांगावं लागत नाही. तिथल्या प्रत्येक गड्याने कधी ना कधी गोऱ्ह्याचे पाय धरलेले आहेत. आणि सरांनी दोन डोंगर चढून येऊन त्यांना बरोब्बर तेच वर्णन ऐकवलं होतं, आवाजासकट.

मी सरांना खाली उतरताना हे सांगितलं. एसटीत ते चिमटा काढून उघडमिट करत बसले. भोरच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, 'पण तो अगदी वेगळा चिमटा आहे.'

नवरा आला नाही. पुढच्या महिन्यात ती एकटीच गोळ्यांना आली. मी विचारलं, पाळी आली का?

'आली,' ती म्हणाली. 'न यायला काय झालं? मालक गोठ्यात झोपत्यात.'

त्याने त्याच्यापुरती वाट काढली होती. चिमटा लावून घ्यायचा नाही आणि बायकोचा जीवही घालवायचा नाही, मग दोन्हींच्या मधे गोठा. त्या दिवसापासून तो रात्री घरात पाऊल टाकत नव्हता. निरोधाची पाकिटं मी आधीच दिली होती, पण एकदा फाटलं तर काय, या धास्तीने त्याने ती फळीवर तशीच ठेवली होती.

'लोक म्हनत्यात आमचं बिनसलं,' ती म्हणाली. 'सासू म्हनती, बाईलाच काय तरी डाग आसंल. म्या त्यास्नी म्हनलं, घरात या, मेले तर मेले. तवापास्नं भाकरी बी दारातनंच घेत्यात. माझ्याकडं बघत न्हाईत.'

आणि ती रडली. तिला रडायचीही मुभा नव्हती, लगेच धाप लागत होती. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला. सरांचा, त्यांच्या वाकड्या मुठीच्या चिमट्याचा, त्या म्हातारीचा, गोऱ्ह्यांचा. थिएटरमध्ये येऊन मी हत्यारांचा ट्रे असा आपटला की सर बाहेर निघून गेले. जे सगळ्यांत सोपं करून आणलं होतं त्याचीच माणसांना भीती बसली होती, आणि ती भीती ही बाई एकटी भोगत होती.

असे काही महिने गेले. मग एका बाजाराच्या दिवशी सकाळी तो थिएटरबाहेरच्या बाकावर येऊन बसलेला दिसला. एकटा. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता.

'सिस्टर, करतो,' तो म्हणाला. 'पर बिलेडनं करा. टाकं घाला. मानसासारखं.'

मी सरांना बोलावलं. सरांनी त्याला समोर बसवलं आणि कागदावर चित्र काढलं. गोऱ्ह्याला काय करतात ते एका बाजूला, माणसाला काय करणार ते दुसऱ्या बाजूला. तिकडे सगळा रक्तपुरवठाच बंद होतो. इकडे फक्त बीज नेणारी नळी तोडायची, रक्त चालू, ताकद चालू, सगळं चालू. जन्म जनावरांत गेलेला माणूस तो, त्याला कुठे काय असतं ते सांगावं लागलं नाही. मग त्याने हात पुढे केला. सरांनी जरा कचरतच तो सरावाचा चिमटा त्याच्या हातात दिला. त्याने तो उघडला, मिटला, कडं स्वतःच्या करंगळीच्या कातडीवर लावून पाहिलं.

'ह्यो धरतो बेताचा,' तो म्हणाला. 'चावत न्हाई.'

त्या चिमट्याचं इतकं नेमकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. सरांचा चेहरा फुलला. 'म्हणजे पटलं ना?'

'मला पटलं, साहेब. पर वस्तीला काय दाखवू? चिमटा लावून आला म्हनतील. आमच्याकडं बिलेड मानसाला लावत्यात. टाकं मानसाला घालत्यात. टाकं काढाय भोरला जायचं, समद्यांनी इचारायचं, निघालं का टाकं, तवा त्ये आपरेशन.' त्याने चिमटा सरांना परत दिला. 'न्हाईतर मी गोठ्यातच बरा हाय.'

सर उठून खिडकीपाशी गेले. नव्या पद्धतीत टाका घालणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने इस्त्रीच्या शर्टावर पाणी मारणं होतं. एवढी वर्षं जगभरातल्या डॉक्टरांनी डोकं चालवून टाका घालवला, आणि मी तो परत आणू का, असं ते खिडकीला विचारत होते. ब्लेडचं तर नावच काढू नका म्हणाले, जखम वाढेल, पू होईल, ते मी करणार नाही. मी त्यांचं सगळं बोलणं होऊ दिलं. मला डोळ्यांसमोर ती दगडावर बसलेली बाई दिसत होती.

'सर,' मी म्हणाले, 'दोरा काढून ठेवू का?'

ते वळले. त्या माणसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

'टाका लागत नाही, हे त्यांना कळलंय ना?' त्यांनी मला विचारलं, जसं काही तो तिथे नव्हताच.

'कळलंय, साहेब,' तोच म्हणाला. 'येक टाका घाला. जरा दिसंल आसा.'

ऑपरेशन चिमट्यानेच झालं. बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर सर त्याला शेळ्यांबद्दल विचारत होते, तो उत्तरं देत होता. चिमटा मिटल्याचा टक् आवाज आला तेव्हा त्याच्या पायांचे अंगठे वळले. पण तो बोलायचा थांबला नाही. सरांचा हात खरोखर चांगला आहे, मला कबूल करायला हवं. गाठी मारून नळ्या आत गेल्या आणि उरलं ते डाळीएवढं भोक. तिथे सरांनी एक टाका घातला. मी त्यांना एवढ्या कामात पाहिलं आहे, पण इतका जपून घातलेला टाका पाहिला नाही. काळा दोरा, आणि टोकं मुद्दाम लांब ठेवलेली.

मी त्याला बजावलं की लगेच मोकळीक नाही. नळीत आधीचं उरलेलं असतं. तीन महिन्यांनी तपासणी करायची, ती स्वच्छ आली की मगच भरवसा. तोपर्यंत निरोध, नाहीतर गोठा. त्याने मान हलवली. गोऱ्ह्यांनाही काही दिवस गाईंपासून लांबच बांधावं लागतं, असं म्हणाला. सर हात धुवायला निघून गेले.

टाका काढायच्या दिवशी तो आईला घेऊन आला. म्हणजे म्हातारीच त्याला घेऊन आली होती. मी आत टाका काढला. बाहेर येते तो म्हातारीने हात पुढे केलेला.

'बगू,' म्हणाली.

मी गॉझच्या तुकड्यावरचा दोरा दाखवला. तिने तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

'मानसाचाच हाय,' ती म्हणाली, आणि गॉझसकट दोरा कनवटीला लावून घेऊन गेली.

त्यानंतर त्या वस्तीवरून आणि शेजारच्या वस्त्यांवरून अधूनमधून एखादा गडी यायला लागला. थिएटरच्या भिंतीवर 'बिनटाक्याची पुरुष नसबंदी' असा मोठा रंगीत कागद लावलेला आहे. त्याच्या खालीच उभं राहून हे लोक विचारतात, 'टाक्याची हितंच करत्यात न्हवं?' सर म्हणतात, हो, इथेच. मी ट्रे मांडताना आता न विचारता दोन चिमट्यांच्या शेजारी सुई-दोरा ठेवते. पद्धतीत सुधारणा होत असते.

तीन महिन्यांनी तो नमुना घेऊन आला. रिपोर्ट स्वच्छ होता. मी त्याला बाकावरून उठवलं आणि सांगितलं, आता काही भीती नाही, आजपासून घरात झोपा. तो 'बरं' म्हणाला. दाराशी जाऊन परत आला आणि म्हणाला, 'पक्कं ना, सिस्टर?' मी पक्कं म्हणाले. आणखी एकदा विचारलं असतं तर मला रडू आलं असतं, म्हणून मी त्याला एसटी चुकेल म्हणून हाकललं.

मग ती आली, गोळ्यांना. काठापदराचं लुगडं नेसली होती, केसांत अबोलीचं फूल. धाप होतीच, ती आता जन्माची आहे. गोळ्यांची पुडी हातात घेऊन तिने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी आली.

'सिस्टर, टाक्याची गरज न्हवती ना?'

मी रजिस्टरमध्ये तिची पुढची तारीख लिहायला घेतली.

'त्यांनी सांगितलं मला. पयल्याच राती. म्हनलं, तुला खोटं सांगाय नगं. सासूला ठावं न्हाई, तिनं त्यो दोरा देवाम्होरं डबीत ठिवलाय.' तिने पदर सारखा केला. 'मानूस आपलं दुखनं टाळतो. ह्यांनी माझ्यासाठी मागून घ्येतलं.'

गेटपाशी तो उभा होता, पोरगी कडेवर. ती निघाली तशी त्याने चार पावलं पुढे येऊन तिच्या हातातली पिशवी घेतली आणि मग दोघं स्टँडच्या रस्त्याला लागली, तो तिच्या चालीने चालत. मी खिडकीतून बघत राहिले. ती वळून दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आज मी तिला पाळीचं विचारायला विसरले.